गोगलगायीची साक्ष आणि आमचे हात

पहाटे ४.३०

आज वद्य द्वितीया. खाडीत उतरायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी लागते. कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या आसपास पाणी भरणार आणि त्याच्या सहा तास आधी, साडेसातच्या सुमारास सुकती तळाला जाणार. खाडीच्या आतल्या अंगाला पाणी जरा उशिरा फिरतं, तेवढी सवलत. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक माझ्याकडे आहे, पण आमचे होडीवाले नाखवाकाका बोटांवर मोजतात आणि दोन्हींत फारसा फरक पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं आणि चिखलाचं मैदान लांबवर उघडं पडतं. भांगाच्या दिवसांत गेलं तर निम्मी जागा पाण्याखालीच सापडते.

पिशवी रात्रीच भरून ठेवलेली असते, तरी सकाळी पुन्हा तपासते. प्लास्टिकचे चिमटे, प्लास्टिकची खोरी, झिपच्या पिशव्या, पावडर नसलेले हातमोजे. स्टीलचा डबा, पत्र्याची बादली, लोखंडी खुरपं यांना बंदी. बांगड्या, अंगठी काढून ठेवायच्या. उन्हात चार तास काढायचे असले तरी सनस्क्रीन लावायचं नाही, कारण त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं आणि आम्हाला जस्त मोजायचं असतं. डोक्याला ओढणी गुंडाळली की झालं.

मी मूळची शिरड शहापूरची. वसमतहून औंढा नागनाथला जाताना लागतं ते, हिंगोली जिल्ह्यातलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथे शिकायला आल्यावर. आता ठाणे खाडीच्या चिखलातल्या गोगलगायी गोळा करून त्यांच्या अंगात शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त आणि पारा किती साठला आहे ते मोजणं हे माझं काम.

सकाळी ६.१५

कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, तिथून रिक्षाने जेट्टी. नाखवाकाका होडीत पाणी उपसत असतात. "चल गो पोरी, सुकती थांबाची नाय." कांदळवन कक्षाच्या परवानगीची प्रत मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलेली असते. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला हा पट्टा २०१५ सालापासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळपास १७ चौरस किलोमीटरचं, आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इथून चमचाभर चिखल उचलायचा तरी कागद लागतो, आणि लागायलाच हवा.

होडी तिवरांच्या कडेने सरकते. पश्चिमेला भांडुप-विक्रोळीचे मनोरे, पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्टा. १९६०च्या दशकापासून तिथे रसायनं, रंग, औषधं, धातुकाम यांचे कारखाने उभे राहिले. खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब, डोक्याशी अरुंद, उल्हास नदीशी तिचा सांधा घोडबंदरच्या बाजूला, तोही चिंचोळा. त्यामुळे वरच्या भागात जे येतं ते चटकन समुद्राकडे धुऊन जात नाही, भरतीबरोबर पुढे जातं आणि ओहोटीबरोबर मागे येतं. मासळीला आणि पक्ष्यांना ही खाडी पोसते ती याच संथपणामुळे, आणि धातूही त्याच संथपणामुळे गाळात बसतात.

सकाळी ७.१५

होडी थांबते आणि फळी टाकावी लागते. हा चिखल पाय देताच गुडघ्यापर्यंत घेतो. गमबूट घातले तर पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो, म्हणून जाड रबरी मोजे. कालवांच्या कडा आणि फुटक्या बाटल्या दोन्ही सारख्याच कापतात. पुढे रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून चरतो आहे. त्यांच्यापासून लांब राहूनच काम करायचं, हा परवानगीतला पहिला नियम.

वाकून बघितलं की चिखल हलताना दिसतो. पिरेनेला सिंग्युलाटा. जुन्या पुस्तकांत हिचं नाव सेरिथिडिया सिंग्युलाटा असं आहे. दोन-तीन सेंटिमीटरचा निमुळता शंकू, त्यावर मण्यांसारखे उंचवटे आणि तपकिरी-पांढरे पट्टे. ती चालते तशी मागे बारीक चर उमटत जाते, आणि हजारो चर एकमेकांना छेदून मैदानभर जाळी तयार होते. तोंड पुढे काढून ती चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडते. त्यात शेवाळ, जिवाणू, कुजका पाला सगळं आलं. बोट लावलं की आत जाते आणि गोल झाकण लावून घेते. तिवरांच्या सावलीत तिची थोरली नातेवाईक टेलिस्कोपियम पडलेली असते, जवळपास दहा सेंटिमीटरची, काळपट, चिखलात माखली तर दगडच वाटावी अशी.

पीव्हीसी पाइपची चौकट टाकते, २५ सेंटिमीटर बाय २५ सेंटिमीटर. आतल्या सगळ्या मोजते, पण उचलते त्या फक्त २० ते २५ मिलिमीटर लांबीच्या, तेही प्लास्टिकच्या व्हर्नियरने मापून. गोगलगाय जशी वाढते तसं तिच्या अंगातलं धातूचं प्रमाण बदलतं. मागच्या खेपेला लहान उचलल्या आणि या खेपेला मोठ्या, तर जो फरक दिसेल तो वयाचा असेल आणि आपण तो खाडीच्या नावावर खपवू. मग पाण्याचं तापमान, खारटपणा, पीएच आणि वरच्या दोन सेंटिमीटरचा गाळ. हेच दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. जागा ठरलेल्या आहेत आणि बदलायच्या नाहीत.

सकाळी ८.३०

दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेच्या मधे चहा. थर्मास नाखवाकाकांचा. ते विचारतात, पाण्याची बाटली भरून नेली असती तर भागलं नसतं का?

नसतं. बाटली फक्त त्या घटकेचं सांगते. कोणी रात्री दोनला नाल्यात काही सोडलं, तर सकाळी साताच्या बाटलीत ते असेलच असं नाही. गाळ लांबचं सांगतो, पण जास्तच लांबचं. त्यात गेल्या पन्नास-साठ वर्षांचं सगळं एकावर एक बसलेलं आहे. शिवाय गाळात धातू किती आहे आणि त्यातला सजीवाच्या अंगात किती शिरू शकतो, हे दोन वेगळे आकडे. फळी उचलली की खालून काळा चिखल दिसतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. तिथे हवा पोचत नाही आणि बरेचसे धातू गंधकाशी बांधलेले असतात. कोणी गाळ उपसला, ढवळला, त्याला हवा लागली की ते सुटू शकतात. गोगलगाय याच चिखलावर राहते, हाच चिखल खाते, फार लांब जात नाही, आणि जे अंगात मुरलं ते काही महिने वागवते. तिच्या अंगातला आकडा म्हणजे खाडीतलं जिवंत प्राण्याच्या वाट्याला आलेलं.

हा विचार नवा नाही. अमेरिकेच्या एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली शिंपल्यांवरून जगभरच्या किनाऱ्यांवर नजर ठेवण्याची कल्पना मांडली. आपल्याकडे या खाडीतल्या पाऱ्याबद्दल झिंगडे आणि देसाई यांचा निबंध १९८१ सालचा आहे. त्या काळी कॉस्टिक सोडा करणारे कारखाने पाऱ्याचे सेल वापरत. पुढे देशभरच्या कारखान्यांनी ते सोडून मेंब्रेन सेल घेतले. पारा येण्याची ती वाट बंद झाली, पण गाळातला पारा उठून गेला नाही. मला अभिमान आहे तो आणखी एका गोष्टीचा: समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या आमच्या मराठवाडा विद्यापीठातून नागभूषणम आणि माने यांनी १९७०च्या दशकात रत्नागिरीच्या खाडीतल्या शिंपल्यांवर संशोधन केलं. शिरडच्या मुलीने चिखलात का उतरावं, असं कोणी विचारलं की मी त्यांची नावं घेते.

सकाळी ९.४५

पाणी फिरलं. जेट्टीवर दोन मावश्या टोपल्या घेऊन बसल्या आहेत: निवट्या, थोड्या चिंबोऱ्या, ओल्या फडक्याखाली खुबे. माझ्या पिशवीकडे बघून एकीने विचारलंच, "काय गो, आमची मासली खराब हाय काय?"

दिवसातला सगळ्यात अवघड प्रश्न हा. उत्तरात एक वाक्य सैल सुटलं तर संध्याकाळी तिची टोपली तशीच परत जाईल, आणि गोड बोलून वेळ मारून नेली तर उद्या तिच्याच घरात ते खाल्लं जाणार. मी जे खरं आहे ते सांगते. मी गोगलगाय तपासते, निवटी नाही. गोगलगायीत कॅडमियम जास्त निघालं म्हणजे माशात तेवढंच असेल असं नसतं. प्रत्येक प्राणी वेगळं खातो, वेगळं साठवतो आणि वेगळं बाहेर टाकतो. खाण्यासाठीच्या मर्यादा ओल्या मांसावर ठरतात, माझे आकडे कोरड्या वजनावर असतात. ते तसेच शेजारी ठेवले तर मर्यादा ओलांडल्याचा खोटा गवगवा होईल. खाण्याचं विचारायचं तर खाण्याच्याच वस्तू वेगळ्या तपासायला हव्यात. माझ्या मोजणीतून एवढं कळेल की कुठल्या जागी तपासणी आधी करायला हवी.

"म्हंजे ठाव नाय," दुसरी म्हणाली.

"अजून नाही," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि निवट्यांवर पाणी शिंपडलं.

सकाळी ११.१५

प्रयोगशाळा. आणलेल्या गोगलगायी धुऊन, लांबीप्रमाणे लावून, गाळलेल्या स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सोडायच्या. हवेच्या नळ्या चालू, खायला काही नाही. दोन दिवस उपास. पोटात चिखल भरलेला असतो आणि त्या चिखलातही धातू असतो. तसंच चिरून मोजलं तर गोगलगायीऐवजी तिचं जेवण मोजलं जाईल. पाणी सारखं बदलायचं, नाहीतर बाहेर टाकलेला चिखल त्या पुन्हा खातात. आजच्या गोगलगायींची पाळी परवा; आज चिरायच्या त्या आधीच्या फेरीतल्या.

दुपारी १२.४५

डबा उघडताच वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोन.

"जेवलीस का माय?"

"जेवायले आता. गोगलगायी धुवून आले."

"अगं, लातूरकडं आत्याच्या रानात सोयाबीनवर गोगलगायी पडल्या तव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती टाकून, येचून येचून मिठात मारल्या त्यांनी. अन् तू तिकडं त्यांना न्हाऊ घालायलीस!"

२०२२च्या पावसाळ्याची ती गोष्ट. लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, आणि आमच्या घरात माझ्या कामाची थट्टा तेव्हापासून होते. पण आज अण्णांच्या मनात दुसरंच आहे. गावाकडे हळद शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची घाई चालू आहे. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून कुठंतरी शिसं लावतात, असं त्यांच्या कानावर आलंय. "आपल्याकडं नाही तसलं," ते पहिल्यांदा सांगून टाकतात, "पण तुझ्या मशिनीत कळंल का?"

कळेल. धातू मोजायचं यंत्र तेच; पूड विरघळवायची पद्धत थोडी वेगळी. ते 'कुठंतरी' म्हणजे बांगलादेश. तिथे हळकुंडांना लेड क्रोमेट चोळत होते. २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ साली पुन्हा तपासलं तेव्हा प्रमाण शून्यावर आलेलं होतं. मी अण्णांना सांगते की यातलं दुसरं तपासणं मला जास्त आवडतं. पहिल्या आकड्याने बोंब होते. ती बोंब कामी आली की नाही, हे दुसऱ्यामुळेच कळतं.

दुपारी १.४५

चिरणं. कवच प्लास्टिकच्या जबड्याच्या शेगड्यात धरून हलकेच दाबायचं. जास्त दाबलं तर कवचाचे कण मांसात रुततात. चिमट्याने मांस पिळवटत बाहेर काढलं की मळसूत्री आकारात पूर्ण येतं. टोकाकडचा हिरवट-काळा भाग म्हणजे पचनग्रंथी, धातूंचं कोठार. तिथे कॅडमियमसारख्या धातूंना काही प्रथिनं बांधून ठेवतात, काही धातू सूक्ष्म कणांत बंद होतात. म्हणूनच गोगलगाय विष अंगात बाळगून जगत राहते आणि आम्हाला ते मोजता येतं.

कधी कधी पचनग्रंथीशेजारी जननग्रंथीच्या जागी पांढऱ्या-पिवळ्या पिशव्यांचा पुंजका दिसतो. ते चपट्या कृमींचं बिऱ्हाड. पक्ष्यांच्या आतड्यांत मोठ्या होणाऱ्या या परजीवींचा अर्धा संसार गोगलगायीत असतो. अशा गोगलगायीचं शरीर नेहमीसारखं चालत नाही, म्हणून ती वेगळ्या बशीत. उरलेल्यांतल्या वीस-वीस एकत्र करून एक नमुना. एकटीचं मांस इतकं थोडं की वाळल्यावर मोजणीला पुरत नाही.

गोगलगायींची सगळ्यात गाजलेली साक्ष मात्र यंत्राशिवाय मिळालेली आहे. जहाजांच्या तळाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून कथिलाचं एक संयुग, टीबीटी, रंगात घालत. त्यामुळे बंदरांजवळच्या समुद्री गोगलगायींत माद्यांना नराचा अवयव फुटू लागला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही आपल्या किनाऱ्यावरच्या एका जातीत असा बदल नोंदवून २००६ साली छापला. २००८ पासून असे रंग जहाजांना लावायला आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे. त्या बंदीमागच्या पुराव्यात गोगलगायीचा वाटा मोठा होता.

दुपारी ३.१५

मांस ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं असतं. पाऱ्याचे नमुने मात्र गोठवून वाळवायचे, कारण उष्णतेने पारा उडून जातो. आधीच्या तुकडीची पूड तयार आहे, अगेटच्या खलात घोटलेली. टेफ्लॉनच्या नळीत चिमूटभर पूड, त्यावर नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. तपकिरी वाफा निघतात, म्हणून सगळं धूरकपाटात. मग नळ्या मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये. तासाभराने पूड दिसेनाशी होते आणि तळाशी फिकट पिवळं, निवळ पाणी उरतं.

प्रत्येक तुकडीत दोन सोबती असतात. एक ब्लँक: आम्ल, पाणी, नळी सगळं तेच, फक्त गोगलगाय नाही. दुसरा प्रमाणित नमुना: शिंपल्याच्या मांसाची विकत आणलेली पूड, जिच्यातला प्रत्येक धातू आधीच मोजून दाखल्यावर लिहिलेला असतो. ब्लँकमध्ये जस्त दिसलं, तर ते खाडीचं नाही. ते आमच्या हाताचं, नळाचं, धुळीचं. प्रमाणित नमुन्याचा आकडा दाखल्याशी जुळला नाही, तर बाकीचे आकडे कितीही सुंदर दिसोत, सगळी तुकडी बाद.

संध्याकाळी ५.००

यंत्रापुढे. आधी ठाऊक असलेल्या द्रावणांवर रेषा बसवायची, मग ब्लँक, मग प्रमाणित नमुना, आणि तो पटला की खाडी. दर दहा नमुन्यांनंतर एक जुनं द्रावण पुन्हा, यंत्र सरकलं तर नाही ना हे बघायला.

आकडे येऊ लागले की नवख्याची नजर तांब्यावर जाते. तांबं भरपूर! पण गोगलगायीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं. तिथे प्राणवायू वाहून नेतं ते तांब्याचं हिमोसायनिन, त्यामुळे हवा लागली की तिचं रक्त निळसर दिसतं. स्वच्छ किनाऱ्यावरच्या गोगलगायीतही तांबं असणारच. जस्तही शरीराला लागतं आणि शरीर ते बऱ्यापैकी आवरून धरतं. शिसं आणि पारा यांचं तिच्या अंगात काहीच काम नाही, कॅडमियमचं काम असल्याचंही ठाऊक नाही. म्हणून हे तीन आकडे जास्त बोलतात. पावसाळ्यानंतरच्या आकड्यांशी हिवाळ्याचे आकडे ताडून बघायचेही नाहीत. गोडं पाणी आलं, गोगलगायी अंडी घालून हडकल्या की प्रमाण आपोआप हलतं. फेब्रुवारीचा जोडीदार पुढचा फेब्रुवारी.

संध्याकाळी ७.१५

दिवसाचं शेवटचं काम धुणं. चिमटे, बाटल्या, नळ्या, खल साबणाने धुवायचे, मग दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवायचे, सकाळी अतिशुद्ध पाण्याने खंगाळायचे. हिशोब केला तर माझ्या दिवसातला चिखलातला वेळ थोडा आणि मोरीतला जास्त. कोणाला सांगितलं तर त्यांना ते कंटाळवाणं वाटतं. पण कारखान्याकडे बोट दाखवणारा आकडा कागदावर मांडायचा असेल, तर समोरच्याचा पहिला प्रश्न हाच असणार की हा धातू तुमच्याच भांड्यातला कशावरून नाही? त्याचं उत्तर या टबात भिजत असतं.

मग वही. विद्यापीठाचा अहवाल इंग्रजीत जाईल. त्याशिवाय कोळीवाड्यासाठी मराठीत एक पान करायचं मी ठरवलं आहे, आणि आज त्याचा मसुदा लिहिला. पहिल्या ओळीत काय तपासलं आणि काय तपासलं नाही. दुसरीत तिन्ही जागांपैकी कुठे आकडे जास्त आणि कुठे कमी, नकाशासकट. तिसरीत मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना. चौथीत मागणी: जिथे आकडे जास्त, तिथल्या निवट्या, खुबे आणि चिंबोऱ्या सरकारी खर्चाने, ओल्या वजनावर तपासाव्यात, आणि निकाल आधी कोळीवाड्यात वाचून दाखवावा, मग वर्तमानपत्रात द्यावा. चौथी ओळ माझ्या प्रबंधात बसत नाही. पानावर मात्र ती राहणार, आणि पुढच्या उधाणाला जेट्टीवर त्या मावश्यांना मी ती वाचून दाखवणार आहे. त्यांना पटली नाही तर बदलून घेईन.